कंपनीने निघताना दिलेली आउटप्लेसमेंट सेवा : नव्वद दिवसांचा अनुभव

३० ऑगस्ट २०२४ रोजी ऐरोलीतील एका मोठ्या बहुराष्ट्रीय कंपनीतली माझी नोकरी संपली आणि पुढच्याच सोमवारी, २ सप्टेंबरला, त्याच कंपनीने पैसे भरून दिलेली नव्वद दिवसांची आउटप्लेसमेंट सेवा, म्हणजे नोकरी गेलेल्यांना नवी नोकरी शोधायला मदत करणारी सेवा, सुरू झाली. हे परीक्षण त्या सेवेचे आहे. सेवा देणाऱ्या संस्थेचे नाव मी लिहीत नाही, कारण निघताना सही केलेल्या करारात, कंपनीबद्दल आणि तिने नेमलेल्या कोणाहीबद्दल जाहीरपणे प्रतिकूल बोलणार नाही, असे एक कलम होते आणि भरपाईची रक्कम त्या सहीवर अवलंबून होती. नाव नसल्याने वाचणाऱ्याचे फारसे अडणार नाही. अशा आणखी तीन संस्थांची माहितीपत्रके मी नंतर चाळली, तेव्हा थोड्याफार फरकाने सगळीकडे हाच मेनू दिसला.

२०२५च्या जुलैत टीसीएसने आपल्या मनुष्यबळापैकी सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक पदे कमी करणार असल्याचे जाहीर केले आणि त्यात मधल्या व वरच्या फळीतील लोक अधिक असतील, असेही सांगितले. ती बातमी आली त्या पंधरवड्यात ठाणे आणि नवी मुंबईतल्या, निरनिराळ्या कंपन्यांत काम करणाऱ्या चार परिचितांनी मला एकच प्रश्न विचारला : उद्या आपल्यावर वेळ आली आणि अशी सेवा देऊ केली, तर ती घ्यावी का? चौघांना फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगून झाले. आता एकदा सलग लिहिते.

माझे काम पुरवठादारांच्या बिलांचे. परदेशातील शाखांची बिले ऐरोलीत तपासली जात, मंजूर होत आणि अदा होत. हाताखाली बावीस माणसे आणि महिन्याला सुमारे चाळीस हजार बिले. त्यातले निम्मे काम सॉफ्टवेअरकडे गेले, उरलेले दुसऱ्या देशातील केंद्राकडे, आणि आमचा विभागच राहिला नाही. डिसेंबर २००७पासून मी तिथे होते. म्हणजे मी शेवटची मुलाखत दिली, तेव्हा मुलगा पाळण्यात होता आणि आता तो बारावीला होता.

सेवेत काय काय होते, ते आधी सांगते. एका पोर्टलचे लॉगिन, व्यावसायिक लेखकाकडून लिहून मिळणारा रेझ्युमे, लिंक्डइनच्या प्रोफाइलची डागडुजी, समुपदेशकासोबत सहा बैठका, दोन सराव-मुलाखती आणि दर आठवड्याला ‘निवडक संधीं’ची एक ईमेल. बैठकांपैकी दोन वाशी स्टेशनपासून पाच मिनिटांवरच्या कार्यालयात आणि बाकीच्या व्हिडिओवर. ही सेवा नोकरी लावून देत नाही. हे पत्रकात लिहिलेले असते, पण ज्या दिवशी ते पत्रक हाती पडते त्या दिवशी कोणाचेच लक्ष धड वाचण्यात नसते. माझ्यासोबत बाहेर पडलेल्या सहकाऱ्यांपैकी निम्म्यांचा तरी पहिला महिनाभर असाच समज होता, की ही प्लेसमेंट एजन्सी आहे आणि आपल्यासाठी कोणीतरी कुठेतरी शब्द टाकत आहे.

दुसरी गोष्ट मला तिसऱ्या आठवड्यात कळली. एक बैठक मी पुढे ढकलली, तर दुसऱ्या दिवशी माझ्या जुन्या कंपनीच्या एचआरकडून विचारणा आली, की सेवेचा लाभ घेण्यात काही अडचण आहे का. नियम-अटी उघडून पाहिल्या, तर कोणी किती बैठका घेतल्या याचा अहवाल दर पंधरा दिवसांनी कंपनीकडे जाणार, असे त्यात स्पष्ट लिहिलेले होते. त्यात गैर काही नाही. पैसे ज्याने भरले त्याला हिशेब द्यायचा. पण या सेवेचा ग्राहक मी नसून मला काढणारी कंपनी आहे, हे एकदा लक्षात आल्यावर तिच्या अनेक गोष्टींचा उलगडा झाला. रेझ्युमे सातव्या दिवशी का मिळतो, पोर्टलवर ‘पूर्ण केलेले टप्पे’ दाखवणारी हिरवी पट्टी का असते, आणि सर्वांत गरजेच्या विषयाबद्दल तिथे चकार शब्द का नसतो, या सगळ्याचे उत्तर तिथेच होते.

तो गरजेचा विषय म्हणजे हिशेबाचे कागद. पहिल्या पंधरा दिवसांत माणसाला मुलाखतीच्या तंत्रापेक्षा ग्रॅच्युइटी, मेडिक्लेम आणि पीएफ यांची माहिती हवी असते. मला ती आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या, वागळे इस्टेटमधील एका कारखान्याच्या हिशेबखात्यातून निवृत्त झालेल्या काकांनी दिली. मी फुल अँड फायनलचा, म्हणजे नोकरी संपतानाच्या अखेरच्या हिशेबाचा, कागद त्यांना दाखवला, तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, एका ओळीवर बोट ठेवले आणि विचारले, “अगं, तू लागलीस कधी?” मी तारीख सांगितली. “मग इथे सोळा वर्षं कशी? सोळा वर्षं आठ महिने झालेत. सहा महिन्यांच्या वर गेलं की पूर्ण वर्ष धरतात.” तेव्हा लागू असलेल्या १९७२च्या ग्रॅच्युइटी कायद्यातील सूत्र सोपे होते : शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून होणारी रक्कम, गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षे. माझा मूळ पगार ६० हजार असल्याने एका वर्षाचा फरक ३४,६१५ रुपयांचा होता. एक ईमेल पाठवल्यावर कंपनीने निमूटपणे दुरुस्ती केली. चूक सॉफ्टवेअरची होती, असे उत्तर आले. मी हे समुपदेशक बाईंना सांगितले, तेव्हा आर्थिक बाबींवर बोलण्याची आम्हाला परवानगी नाही, असे त्या ओशाळून म्हणाल्या.

मेडिक्लेमचे तर वरातीमागून घोडे झाले. कंपनीचा गटविमा शेवटच्या दिवशी मध्यरात्री संपला. त्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते आणि जुन्या आजारांसाठी लागणारा प्रतीक्षाकाळ बराचसा वाचतो, पण त्यासाठी गटविमा चालू असतानाच अर्ज करायला हवा होता. सेवेच्या पोर्टलवर याविषयी एक लेख होता. तो मला ११ सप्टेंबरला दिसला. सासूबाईंना मधुमेह आहे, त्यामुळे ही चूक आम्हाला महागात पडली आणि तिचा सल अजून आहे. ज्यांची नोटीस अजून चालू आहे, त्यांनी हा परिच्छेद वाचून झाल्यावर आधी विमा कंपनीला फोन करावा, परीक्षण नंतर वाचावे.

पीएफला मी हात लावला नाही. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख खात्यात भरली आहे की नाही, एवढे मात्र तपासत राहिले, कारण ती नसेल तर पुढे खाते वर्ग करताना अडते.

आता रेझ्युमे. संस्थेचा लेखक कोण, कुठे बसतो, हे अखेरपर्यंत कळले नाही. मी एक फॉर्म भरला आणि सातव्या दिवशी फाइल आली. दोन रकाने, डावीकडे निळी पट्टी, त्यात माझा फोटो आणि ‘नेतृत्व’, ‘संवाद’, ‘एक्सेल’ यांच्यापुढे पाचपैकी किती ठिपके भरलेले. पहिल्या ओळीत मी ‘डायनॅमिक, रिझल्ट-ओरिएंटेड प्रोफेशनल’ होते. चाळीस हजार बिलांचा उल्लेख दुसऱ्या पानावर तळाशी, आणि बावीस माणसांचा कुठेच नाही. उंटावरून शेळ्या हाकल्यावर दुसरे काय होणार! फाइल नोकरीच्या पोर्टलवर चढवली, तेव्हा खरी गंमत झाली. तिथले सॉफ्टवेअर रेझ्युमे वाचून रकाने आपोआप भरते. दोन रकान्यांची मांडणी त्याला झेपली नाही. त्याने ‘ऐरोली’ हे माझ्या कंपनीचे नाव म्हणून नोंदवले आणि पदाच्या जागी आमच्या सोसायटीचे नाव टाकले. मी काही दिवस याच अवतारात तेवीस ठिकाणी अर्ज केले होते. एकाही ठिकाणाहून फोन आला नाही, यात नवल ते काय.

मग एका रविवारी वर्डमध्ये साधा एकरकानी रेझ्युमे स्वतःच लिहिला. वर नाव आणि फोन, खाली प्रत्येक पदाखाली तीन-तीन ओळी, आणि प्रत्येक ओळीत एखादा आकडा : किती बिले, किती माणसे, उशिरा अदा होणारी बिले किती टक्क्यांवरून किती टक्क्यांवर आली. शिवाय सर्वांत वर एक ओळ, की मी लगेच रुजू होऊ शकते. आपल्याकडे बहुतेक भरती करणाऱ्यांचा दुसरा प्रश्न नोटीस पिरियड किती, हाच असतो आणि नोकरीत असलेला उमेदवार त्यावर साठ किंवा नव्वद दिवस सांगतो. नोकरी गेलेल्या माणसाकडे एवढा एकच हुकमाचा पत्ता असतो. संस्थेच्या लेखकाने तो वापरलाच नव्हता. नवा रेझ्युमे चढवल्यावर दहा दिवसांत चार फोन आले.

साप्ताहिक ‘निवडक संधीं’विषयी फार लिहिण्यासारखे नाही. बारा ईमेल आल्या. त्यातल्या बहुतेक जागा मी सकाळी पोर्टलवर आधीच पाहिलेल्या असत, आणि एक तर मला काढणाऱ्या कंपनीचीच होती, हैदराबादची.

एवढे सगळे वाचून ही सेवा कुचकामी आहे असे वाटेल, पण तसे मी म्हणणार नाही, आणि त्याचे कारण समुपदेशक बाई. पहिल्या बैठकीत त्या इंग्रजीतून आणि छापील प्रश्न विचारत होत्या. दुसऱ्या बैठकीच्या वेळी मी वाशीला गेले. गणपतीत माहेरी डोंबिवलीला गेले होते, तिथे मामांनी, “काय गं, ऑफिसला सुट्टी किती दिवस?” असे विचारले आणि मी, “सध्या घरूनच चालू आहे,” असे सांगून मोदकांचे ताट पुढे केले, हे त्यांना सांगताना मला बोलता येईना. त्यांनी समोरचा कागद बाजूला ठेवला आणि मराठीत विचारले, “आत्तापर्यंत किती जणांना सांगितलंत?” मी म्हटले, दोन. नवरा आणि बहीण. “मग नोकरी कोण सांगणार तुम्हाला? ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, असं कसं चालेल?”

त्या दिवशी त्यांनी मला तीस नावांची यादी करायला लावली. नातेवाईक नकोत, मैत्रिणीही नकोत. गेल्या सतरा वर्षांत ज्यांच्यासोबत काम केले आणि जे आता दुसरीकडे आहेत, अशी माणसे. अठराव्या नावाला मी अडले, तेव्हा त्या म्हणाल्या की खरी यादी इथून पुढे सुरू होते, आणि चहा सांगून शांत बसून राहिल्या. प्रत्येकाला काय लिहायचे, तेही त्यांनीच सांगितले. नोकरी आहे का, असे विचारायचे नाही, कारण त्याचे उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असते आणि तिथे बोलणे संपते. आपली नोकरी गेली हे एका वाक्यात सांगायचे आणि मग विचारायचे, की तुमच्याकडे हे काम कसे चालते ते समजून घ्यायचे आहे, वीस मिनिटे द्याल का?

सराव-मुलाखतीही त्यांनीच घेतल्या, आणि या सेवेत पैसे मोजावेत असे काही असेल तर ते हेच. ‘आधीची नोकरी का सोडलीत?’ या प्रश्नावर मी काय बोलले, ते त्यांनी मोबाइलवर रेकॉर्ड करून मला ऐकवले. चार मिनिटे दहा सेकंद. त्यात ‘रिस्ट्रक्चरिंग’ हा शब्द सात वेळा, ‘परफॉर्मन्सचा काही प्रश्न नव्हता’ तीन वेळा, आणि शेवटी माझ्या शेवटच्या अप्रेझलमधील रेटिंग, जे कोणी विचारलेलेही नव्हते. स्वतःचा आवाज ऐकताना मान वर करवेना. “समोरच्याला तुमच्यावर संशय नसतो,” त्या म्हणाल्या, “तुम्हीच तो आणून देताय.” चार मिनिटांचे त्यांनी दोन वाक्यांवर आणले : कंपनीने आमचा संपूर्ण विभाग बंद केला, त्यात माझे पद गेले. आता मी असे काम शोधत आहे, जिथे बिलांच्या प्रक्रियेची पूर्ण जबाबदारी एका माणसाकडे असेल. आणि मग गप्प बसायचे. गप्प बसण्याचा सराव आम्ही चार वेळा केला.

पगाराविषयीही त्यांनी एक कामाची सवय लावली. कुठलाही फोन येण्याआधी तीन आकडे कागदावर लिहून ठेवायचे : हवा असलेला, चालेल असा, आणि ज्याखाली ‘नको’ म्हणायचे तो. शिवाय समोरून वार्षिक आकडा आला की त्यातला हातात येणारा किती आणि कामगिरीवर अवलंबून असणारा किती, हे लगेच विचारायचे. मुलाखतीच्या भरात लाजेपोटी हा प्रश्न राहून जातो आणि मग ऑफर लेटर हातात पडल्यावर डोळे पांढरे होतात.

त्यांना जे माहीत नव्हते, तेही सांगायला हवे. माझ्या क्षेत्रात काय बदलले आहे, याची त्यांना कल्पना नव्हती, आणि अशा सर्वसाधारण सेवेकडून ती अपेक्षाही करू नये. यादीतल्या एकोणिसाव्या नावाने ते काम केले. ही माझी जुनी सहकारी २०१६मध्ये कंपनी सोडून महापे येथे गेली होती. ती ठाण्याला घरी येणार होती, तेव्हा आम्ही तलावपाळीच्या कट्ट्यावर भेटलो आणि वीस मिनिटांचे दोन तास झाले. तिचे म्हणणे असे, की परदेशी बिलांचा माझा अनुभव इथल्या मध्यम कंपन्यांना पटकन कळणार नाही, त्यांची दुखणी वेगळी आहेत. खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट हक्काने घ्यायची, तर पुरवठादाराचे बिल जीएसटीआर-२बी या जीएसटी पोर्टलवरच्या विवरणात दिसले पाहिजे. आणि १९६१च्या आयकर कायद्यातील ४३बी(एच) हे कलम २०२३-२४च्या आर्थिक वर्षापासून लागू झाल्याने सूक्ष्म व लघु उद्योगांची बिले लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत भागवावी लागतात, नाहीतर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजावटीला मिळत नाही. “तुझं अख्खं आयुष्य बिलं वेळेवर काढण्यात गेलं,” ती म्हणाली, “फक्त हे आपल्याकडच्या भाषेत सांग.” पुढचे तीन आठवडे मी नौपाड्यातील एका अभ्यासिकेत, स्पर्धा परीक्षेच्या मुलांमध्ये बसून हे विषय घोटले. महिन्याला बाराशे रुपये फी, एसी आणि संपूर्ण शांतता. सेवेच्या पोर्टलवरच्या दोनशे व्हिडिओंपेक्षा त्या बाराशे रुपयांचा उपयोग मला अधिक झाला, हे नोंदवून ठेवते.

दिवाळीच्या आगेमागे दोन आठवडे एकही फोन आला नाही आणि ३० नोव्हेंबरला माझे लॉगिन बंद झाले. सेवा लगेच सुरू करण्याची सक्ती नव्हती, काही आठवडे पुढे ढकलता आली असती, हे मला तोवर कोणी सांगितले नव्हते. पहिले तीन आठवडे कागदपत्रे आणि रडारड यांतच जातात. त्या काळात समुपदेशनाच्या बैठका संपवणे म्हणजे पेरणीआधीच पाऊस उरकून घेण्यासारखे आहे.

नोकरी मिळाली ती १० जानेवारी २०२५ रोजी, म्हणजे सेवा सुरू झाल्यापासून १३१व्या दिवशी. तुर्भ्यात रुग्णालयांना साहित्य पुरवणारी एक कंपनी आहे. एकोणिसाव्या नावाने तिथल्या लेखाप्रमुखांना माझा रेझ्युमे पाठवला होता. मुलाखतीत त्यांनी का सोडलीत हे विचारले, मी दोन वाक्ये सांगून गप्प बसले, आणि त्यांनी लगेच विचारले की थकलेली बिले किती दिवसांची आहेत त्यानुसार लावताना मी पंचेचाळीस दिवसांची रेघ कुठून मोजेन. पुढचा पाऊण तास आम्ही त्याच विषयावर बोलत होतो. पगार आधीपेक्षा १८ टक्क्यांनी कमी आहे. माझ्या कागदावरच्या तीन आकड्यांपैकी तो मधल्याच्या किंचित खाली होता. आता ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने जाते. पूर्वी ऐरोलीला उतरत असे, आता आणखी पुढे.

तेव्हा घ्यावी का, या प्रश्नाचे माझे उत्तर : कंपनी फुकट देत असेल तर जरूर घ्यावी, पण सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. सेवेऐवजी तेवढी रक्कम रोख मिळेल का, सेवा किती उशिरा सुरू करता येईल, आणि शेवटपर्यंत समुपदेशक एकच राहील ना. माझ्या दोन सहकाऱ्यांचे समुपदेशक मध्येच बदलले आणि त्यांना आपली कहाणी पहिल्यापासून सांगावी लागली. स्वतःच्या खिशातून घ्यायची असेल, तर विचार करावा लागेल. मी चौकशी केली तेव्हा पूर्ण पॅकेजचे ३५ हजार रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी असा दर सांगितला गेला, आणि नुसत्या सराव-मुलाखती वेगळ्या मिळत नाहीत, असेही. त्या वेगळ्या मिळत असत्या, तर सहा हजारांपर्यंत मी आनंदाने दिले असते. पाचपैकी गुण द्यायचे तर रेझ्युमेला एक, पोर्टलला दीड, साप्ताहिक ईमेलना शून्य आणि समुपदेशक बाईंना साडेचार.

अर्धा गुण कापला तो पहिल्या बैठकीतल्या छापील प्रश्नांचा. खरे तर तोही द्यायला हवा, कारण करार संपून महिना उलटल्यावर, ऑफरमधल्या पगाराची फोड समजेना म्हणून मी संकोचत फोन केला, तेव्हा त्यांनी तो पहिल्या रिंगला उचलला आणि अर्धा तास बोलल्या. रुजू झाल्यावर मी पेढे घेऊन वाशीला गेले. त्यांनी संगणकावर माझी नोंद उघडून दाखवली. तिथे अजूनही ‘९० दिवसांत नोकरी नाही’ असे लाल अक्षरांत होते, आणि लॉगिन बंद झालेले असल्यामुळे ते त्यांनाही बदलता येत नव्हते.